वयात येणे आणि जाणते होणे

दहावीचा निकाल लागला की आपल्याकडे घराघरात एकच प्रश्न ऐकू येतो, ‘पुढे काय?’ उत्तर बहुतेक वेळा टक्के बघून दिले जाते, नाहीतर शेजारच्या पोराने काय केले ते बघून. ज्याच्याबद्दल हे सगळे चालले आहे, त्याला मात्र कोणी विचारत नाही की बाबा रे, तुला काय आवडतं, काय जमतं, कशाची भीती वाटते? आणि खरं सांगायचं तर विचारलं तरी त्याला सांगता येईलच असं नाही. कारण स्वतःला ओळखायची सवय आपण त्याला लावलेलीच नसते.

आम्ही हा विषय मुकुटबनच्या निमित्ताने मांडत आहोत. यवतमाळ जिल्ह्याच्या झरी-जामणी तालुक्यातले हे गाव. बाजूला तेलंगणाची हद्द, अवतीभवती कापसाची शेती, कोलाम आणि गोंड समाजाची वस्ती, जमिनीखाली चुनखडी आणि कोळसा. 2022 साली येथे वर्षाला 39 लाख टन क्षमतेचा सिमेंट कारखाना सुरू झाला. इथल्या मुस्लिम घरातल्या मुलाच्या कानावर घरी उर्दू पडते, शाळेत मराठी आणि बाजारात तेलुगूही. इतक्या सगळ्यांतून ‘मी कोण’ हे त्याला शोधायचे आहे, आणि त्यासाठी वेळ फार थोडा मिळतो.

किशोरवय म्हणजे काय?

जागतिक आरोग्य संघटना 10 ते 19 या वयाला किशोरावस्था म्हणते. 2011 च्या जनगणनेनुसार भारतात या वयाची सुमारे 25 कोटी मुले-मुली होती, म्हणजे दर पाच माणसांत एक. या वयात उंची वाढते, आवाज फुटतो, मुलींना पाळी सुरू होते. हे बदल डोळ्यांना दिसतात. मेंदूतले बदल दिसत नाहीत, आणि घरातली भांडणे बहुतेक तिथूनच सुरू होतात.

मेंदूचा भावना आणि उत्साह सांभाळणारा भाग या वयात जोरात असतो. परिणामांचा विचार करून ‘थांब’ म्हणणारा, कपाळामागचा भाग मात्र पंचविशीच्या आसपासपर्यंत घडत राहतो. गाडीचे इंजिन दमदार आणि ब्रेक अजून पुरते बसायचे आहेत, अशी ही अवस्था. झोपेची नैसर्गिक वेळही पुढे सरकते. रात्री लवकर झोप येत नाही, सकाळी उठवत नाही. या वयाला रोज 8 ते 10 तासांची झोप लागते. तेव्हा प्रत्येक उशिरा उठणारा पोरगा आळशी नसतो आणि प्रत्येक उलट उत्तर म्हणजे बेअदबी नसते. याचा अर्थ सगळे माफ असा नव्हे. कारण समजले तर रागावण्याची पद्धत बदलते, इतकेच.

उधारीची ओळख

मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन यांनी ‘स्वतःची ओळख घडवणे’ हेच या वयाचे मुख्य काम मानले. पुढे 1966 मध्ये जेम्स मार्शिया यांनी त्याच्या चार अवस्था सांगितल्या. काही मुले शोधही घेत नाहीत आणि काही ठरवतही नाहीत. काही शोधात असतात, पण अजून ठरलेले नसते. काही शोध घेऊन ठरवतात. चौथा प्रकार आपल्याकडे फार दिसतो. शोध न घेताच दुसऱ्याने ठरवलेले स्वीकारणे. अब्बांचे दुकान आहे म्हणून दुकान, मित्र आयटीआयला गेला म्हणून आयटीआय, बहिणीचे दहावीनंतर लग्न झाले म्हणून हिचेही. दुकान किंवा आयटीआय यात वाईट काहीच नाही. ते आपण विचार करून निवडले की नुसते अंगावर पडले, हा फरक मोठा आहे. उधार घेतलेली ओळख पहिल्या अपयशाला डगमगते.

कधी ओळख उधार नसते, लादलेली असते. जालना जिल्ह्यातल्या शेलगावचे अन्सार शेख यांचे उदाहरण अनेकांना ठाऊक आहे. वडील रिक्षाचालक. पुण्यात शिकताना मुस्लिम नावामुळे खोली मिळेना, म्हणून त्यांनी ‘शुभम’ हे नाव सांगितले. 2016 मध्ये यूपीएससीचा निकाल लागला तेव्हा ते 21 वर्षांचे होते, देशात 361 वे आले, आणि मग त्यांनी ही गोष्ट स्वतःच्या खऱ्या नावाने सांगितली. प्रत्येक मुलगा आयएएस होणार नाही, व्हायची गरजही नाही. पण लोक आपल्याला काय म्हणतात आणि आपण काय आहोत, या दोन गोष्टी वेगळ्या ठेवता येणे हे प्रत्येकाने शिकायलाच हवे.

बुलूग आणि रुश्द

आपल्या बोलण्यात ‘बालिग झाला’ हा शब्द सहज येतो. बुलूग म्हणजे शरीराने वयात येणे. पण सूरह निसाच्या सहाव्या आयतीत अनाथांचा माल त्यांच्या हाती देण्याबाबत जो आदेश आहे, त्यात वय पुरेसे मानलेले नाही. आधी त्यांना पारखून पाहा, त्यांच्यात रुश्द म्हणजे समजदारी दिसली तरच माल सोपवा, असा त्याचा आशय आहे. म्हणजे वयात येणे वेगळे आणि जाणते होणे वेगळे. बुलूग आपोआप येतो. रुश्द पारखून, छोटी-छोटी जबाबदारी देऊन, चुका करू देऊन येते.

आपण नेमके उलटे करतो. घरखर्चाचे शंभर रुपये मुलाच्या हाती देताना दहा वेळा विचार करतो, आणि मुलीचा अख्खा संसार तिच्यावर एका दिवसात टाकतो.

घाईची किंमत

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण 2019-21 नुसार महाराष्ट्रातल्या 20 ते 24 वयोगटातील 21.9 टक्के स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झालेले होते. त्याच सर्वेक्षणात देशातल्या 15 ते 19 वयाच्या 59.1 टक्के मुलींमध्ये आणि 31.1 टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला. जिच्या अंगात रक्त नाही, तिला थकवा येणार, अभ्यासात लक्ष लागणार नाही, आणि आपण म्हणणार, ‘हिचं डोकंच चालत नाही.’ शाळेत आठवड्यातून एकदा मिळणारी लोहाची निळी गोळी म्हणून महत्त्वाची आहे. ती जेवणानंतर घ्यावी.

मुलांची घाई वेगळी. आपल्या भागात खाण आणि कारखाना डोळ्यासमोर असतो, हातात लवकर पैसा येईल असे वाटते. पण 2016 च्या दुरुस्तीनंतरच्या कायद्याप्रमाणे 18 वर्षांखालील मुलांना खाणीत, स्फोटकांच्या आणि धोकादायक प्रक्रियेच्या कामावर ठेवता येत नाही. नोकरी पुढेही मिळेल, सुटलेली शाळा पुन्हा धरणे अवघड जाते. पैशांचीच अडचण असेल तर आठवीत एनएमएमएस परीक्षा द्या. निवड झाली तर नववी ते बारावी दरवर्षी 12,000 रुपये शिष्यवृत्ती मिळते.

करायचे काय?

मुला-मुलींनो, एक साधी वही घ्या. रोज झोपताना पाच मिनिटे चार गोष्टी लिहा. आज कशात वेळ कसा गेला ते कळलं नाही? राग कशाचा आला, आणि रागाखाली खरं काय होतं, अपमान, भीती की भूक? कोणती गोष्ट मी केवळ मित्रांसाठी केली? आज कोणाच्या उपयोगी पडलो? महिनाभराने वही उलटून बघा. तुमच्याबद्दल तुम्हाला जे कळेल, ते गुणपत्रिकेत सापडणार नाही.

आई-वडिलांनो, मुलाला महिन्यातून एकदा किराणा करू द्या, बँकेत पाठवा. मुलीलाही पाठवा. हिशेब चुकला तर ओरडण्याआधी कुठे चुकला ते विचारा. भावंडांशी तुलना टाळा. शरीरातल्या बदलांबद्दल तुम्ही बोलला नाहीत, तर मोबाईल बोलेल. गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेच्या डॉ. राणी बंग यांनी याच विषयांवर ‘तारुण्यभान’ शिबिरे घेतली आणि आदिवासी गावांतल्या मुला-मुलींशी मोकळेपणी बोलल्या. तिथे जमते, तर आपल्याकडे का जमू नये?

सरकारी ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी ‘मैत्री’ क्लिनिक असते. मन फार उदास असेल, जगणे नको वाटत असेल, तर टेलि-मानसचा 14416 हा क्रमांक मोफत आहे. बळजबरीचे लग्न, मारहाण किंवा छळ होत असेल तर 1098 वर फोन करा. मदत मागणे हीसुद्धा समजदारीच आहे.

वयात यायला काही करावे लागत नाही, दिवस गेले की माणूस मोठा होतो. जाणते व्हायला मात्र थोडा वेळ लागतो, थोडा भरवसा लागतो आणि चूक झाली तर घरी परत यायला उघडे दार लागते. वेळ आणि मेहनत मुले देतील. भरवसा आणि उघडे दार देणे आपल्या हातात आहे.