ट्रॅक्टरवाल्या फर्ग्युसनची मोटार आणि आपले ब्रेक

'मॅसी फर्ग्युसन' हे नाव आपल्याकडे शेतकऱ्याच्या लहान पोरालाही माहीत असतं. त्यातला फर्ग्युसन म्हणजे आयर्लंडचा हॅरी फर्ग्युसन. ट्रॅक्टरला मागे अवजार जोडायची थ्री पॉइंट लिंकेज त्याचीच. उतारवयात या माणसाने वेगळाच ध्यास घेतला: मोटारीची चारही चाकं इंजिनाने फिरावीत आणि ब्रेक मारल्यावर चाक लॉक होऊन गाडी घसरू नये.

१९६० मध्ये तो वारला. पण त्याच्या कंपनीने काम सोडलं नाही. १९६६ मध्ये बर्मिंगहॅमजवळच्या वेस्ट ब्रॉमविच गावातल्या जेन्सन कंपनीने 'जेन्सन एफएफ' आणली. एफएफ म्हणजे फर्ग्युसन फॉर्म्युला. इंजिन अमेरिकन क्रायस्लरचं व्ही-८, सव्वासहा लिटरचं. लांबचा पल्ला वेगात आणि आरामात गाठणारी, अर्थातच श्रीमंतांची गाडी. विमानांसाठी बनलेला डनलॉपचा 'मॅक्सारेट' अँटी-लॉक ब्रेक तिला बसवला होता. अँटी-लॉक ब्रेक असलेली विक्रीला आलेली ही जगातली पहिली मोटार. चाक लॉक व्हायला लागलं की यंत्र स्वतःच ब्रेक सोडायचं, परत धरायचं. इलेक्ट्रॉनिक्स काही नाही, सगळं यांत्रिक.

मग ही गाडी चालली का? नाही. पुढच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट डाव्या बाजूने होता, त्यामुळे स्टेअरिंग डावीकडे नेताच येईना. म्हणजे अमेरिकेचा बाजार बंद. किंमतही भारी. १९७१ पर्यंत जेमतेम ३२० गाड्या बनल्या. १९७६ मध्ये कंपनीच बंद पडली.

हे आज का सांगतोय? अपघाताच्या बातम्या लिहिताना 'दुचाकी घसरून' हे दोन शब्द मी इतक्या वेळा लिहिलेत की मोजदाद नाही. आपल्याकडे १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचं झालं ते १ एप्रिल २०१९ पासून. जेन्सननंतर तब्बल ५३ वर्षांनी! त्यातही १२५ सीसीपर्यंतच्या गाड्यांना त्या नियमाने साध्या सीबीएसवर सूट दिली. आता सांगा, आपल्या तालुक्यात दूधवाला, शिक्षक, कॉलेजची पोरं कोणत्या गाडीवर फिरतात? १००-१२५ सीसीच्याच ना?

शोध लागला म्हणजे तो आपोआप गरिबापर्यंत पोचतो, असं नसतं. बाजार आधी श्रीमंताला देतो. बाकीच्यांसाठी कायदा करावा लागतो, आणि तो मागावा लागतो. नवी गाडी घ्यायला शोरूमला जाल तेव्हा मायलेज विचारताच, तसं ब्रेकचंही विचारा.