दोडामार्गची सीमा आणि कराचा हिशेब

दोडामार्गपलीकडील डिचोली महाल 19 डिसेंबर 1961 पर्यंत पोर्तुगीज अमलाखाली होता. तिकडे जाणे म्हणजे कायद्याने परदेशगमनच होय. मुक्तीनंतर ती सीमा गेली, कराची मात्र उरली. 1 जुलै 2017 रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला, तरी पेट्रोल व डिझेल त्याबाहेर राहिले आणि त्यांवरील मूल्यवर्धित कर प्रत्येक राज्याच्या हाती राहिला. तत्पूर्वी एप्रिल 2012 मध्ये मनोहर पर्रीकरांच्या सरकारने पेट्रोलवरील हा कर 0.1 टक्क्यावर आणला, तेव्हा गोव्यातील दर लिटरमागे सुमारे 11 रुपयांनी उतरला. (ही सवलत टिकली नाही, कर पुढे वाढला.)

परंतु इंधनाच्या लाभासाठी बिऱ्हाड हलविण्याचे कारण नव्हते. टाकी भरून माणूस घरी परतू शके. रुग्णाचे तसे नव्हे, आणि आमच्या मते खरा हिशेब येथेच आहे. जानेवारी 2018 पासून बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात परराज्यातील रुग्णांकडून शुल्क घेण्यास आरंभ झाला. त्याच वर्षी, 1999 मध्ये सावंतवाडीतून वेगळ्या झालेल्या या तालुक्यात आंदोलन झाले आणि तालुकाच गोव्यात विलीन करावा अशी मागणी उठली.