घरधनी आणि नकाशा

नायगावच्या बी. डी. डी. चाळींविषयी लिहिताना बहुधा गिरण्या, संप, मेळे आणि व्यायामशाळा ह्यांविषयी लिहिले जाते. त्या चाळींच्या नकाशाचा इतिहास सहसा कोणी सांगत नाही. वस्तुतः तेथील रहिवाशांनी पुढे शंभर वर्षे जी अडचण सोसली, तिचे मूळ पुष्कळ अंशी त्या नकाशातच आहे. सन १९२० मध्ये गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत ‘बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट’ हे स्वतंत्र खाते निघाले. मजुरांसाठी पन्नास हजार खोल्या बांधावयाच्या, आणि खर्चास हातभार म्हणून मुंबईत येणाऱ्या कापसाच्या दर गाठीमागे एक रुपया कर घ्यावयाचा, असा बेत होता. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी मिळून २०७ चाळी उभ्या राहिल्या. त्यांपैकी ४२ नायगावच्या. तळमजला आणि वर तीन मजले, मधून अंधारा बोळ, त्याच्या दोन्ही अंगांस दहा-दहा खोल्या, मजल्यागणिक सामाईक संडास, आणि प्रत्येक खोली सुमारे १६० चौरस फुटांची. एकच नकाशा थोड्याफार फरकाने गिरवीत जावे, तसे हे काम झाले.

कायद्याच्या दृष्टीने ह्या कामाचा धनी सरकार होते. त्यानेच नकाशा काढविला, त्यानेच तो पाहिला आणि मंजूर केला. राहणारा हा केवळ भाडेकरू. त्यास दाखविण्याचे कारण कोणास वाटावे? परिणाम लवकरच दिसला. तीन भिंती व एक खिडकी ह्यांत संसार बसवावयाचा कसा, हे न उमगल्यामुळे म्हणा, भाड्यामुळे म्हणा, अथवा गिरणीपासूनच्या अंतरामुळे म्हणा, कित्येक खोल्या बराच काळ रिकाम्या राहिल्या. १९३० च्या सत्याग्रहात तर वरळीच्या काही चाळींचा सरकारने तात्पुरता तुरुंग केला. माणसांनी राहावे म्हणून बांधलेल्या इमारतीचा तुरुंग इतक्या सुलभतेने व्हावा, ह्याहून त्या आराखड्यावर अधिक बोचरी टीका कोणत्याही टीकाकारास सुचली नसती.

आमच्याकडे घर बांधण्याची जी जुनी रीत होती, तीत ही तेढ इतकी नव्हती. वाड्याचे माप ‘खण’ हे असे. खण म्हणजे दोन खांबांमधील अंतर, साधारण पाच फुटांच्या आसपास. ‘माजघर तीन खणांचे, सोपा पाच खणांचा’ एवढे म्हटले की सुताराच्या आणि घरधन्याच्या डोळ्यांपुढे एकच वास्तू उभी राही, कारण दोघेही तशाच खणांत वाढलेले. पुढे जमिनीवर दोरी लावून, फक्की मारून आखणी होई. धनी त्या पांढऱ्या रेघांमध्ये उभा राहून ‘चूल ह्या कोपऱ्यात नको’ असे सांगू शके, आणि ते सांगणे फुकट असे, कारण कुदळ अजून पडलेली नसे. अर्थात हे भाग्य वाडे बांधणाऱ्यांचे. कुणब्याच्या झोपडीस सुतारही नव्हता आणि आखणीही नव्हती.

पाश्चात्त्य पद्धतीचा मोजमापी नकाशा आला आणि धनी व कारागीर ह्यांच्यामध्ये एक नवी लिपी उभी राहिली. तिची अडचण युरोपातही अपरिचित नव्हती. पंधराव्या शतकात आल्बेर्ती ह्या इटालियन पंडिताने वास्तुकलेवरील आपल्या ग्रंथात सांगून ठेवले आहे की, धन्यास लाकडी प्रतिकृती दाखवावी, परंतु ती साधी असावी. रंगवून नटवलेली प्रतिकृती पाहणाऱ्याचे डोळे दिपवते आणि विचार थांबवते. मुंबईच्या मोठ्या इमारतींच्या बाबतीत हा सल्ला नेहमीच मानला गेला असे नाही. राजाबाई टॉवरचा कर्ता गिल्बर्ट स्कॉट हिंदुस्थानात कधी आलाच नाही. त्याचे नकाशे तेवढे विलायतेहून आले. स्टीव्हन्सच्या व्हिक्टोरिया टर्मिनसचे अॅक्सेल हेगने १८७८ मध्ये काढलेले जलरंगी चित्र इतके मोहक आहे की, स्थानक बांधण्यापूर्वीच ते बांधून झाल्यासारखे वाटते. १९११ मध्ये पंचम जॉर्ज बादशहा आले, त्यांस गेटवेची केवळ पुठ्ठ्याची प्रतिकृती पाहावयास मिळाली. खरी कमान १९२४ मध्ये पुरी झाली. राजाची गोष्ट निराळी. त्यास तेथे संसार करावयाचा नव्हता.

सर जॉन हर्शेलने १८४२ मध्ये शोधलेल्या रासायनिक पद्धतीमुळे पुढे निळ्या नकाशांच्या प्रती स्वस्तात निघू लागल्या. प्रती वाढल्या, वाचणारे वाढले नाहीत. १९६३ मध्ये सदरलँडने संगणकाच्या पडद्यावर रेघ ओढून दाखविली, १९८२ मध्ये ऑटोकॅड बाजारात आले, आणि मग तर नकाशा वाचता येणे दूरच, तो उघडणेही धन्याच्या हाती उरले नाही. पूर्वीचा अडाणी धनी निदान निळा कागद उलगडून पाही. आजच्या सुशिक्षित धन्याच्या मोबाईलवर ती फाईल उघडतच नाही. मग वास्तुकार दोहोंपैकी एक करतो. एक तर तो म्हणतो, ‘काम पुढे जाऊ द्या, मग दाखवू’. किंवा ऊन-सावली, झाडे, सोफा ह्यांसह चकचकीत चित्र पाठवतो. दुसरा मार्ग मला अधिक घातक वाटतो. चित्र पुरे दिसले की घरचा माणूस बोलावयाचा थांबतो. जे आधीच ठरून गेले त्यात आपण काय बदलणार, असे त्यास वाटते.

उपाय साधा आहे आणि १९९३ पासून तो हाताशी आहे. त्या वर्षी निघालेल्या पीडीएफमध्ये कच्चा आराखडा कोणासही उघडता येतो. मात्र त्यावर मापपट्टी रेखलेली असावी. कारण छापताना ‘कागदावर बसवा’ ही सोय निवडली की प्रमाण बिघडते आणि मग फूटपट्टी खोटे बोलू लागते. रेघा थोड्या कच्च्या, हाताने ओढल्यासारख्या ठेवाव्यात. खोल्यांत खाट, कपाट आणि शिलाईयंत्र त्यांच्या खऱ्या मापाने काढावे. बाकीचे मनुष्य आपण होऊन वाचतो.

नायगावात आज हा प्रश्न ३,३४४ बिऱ्हाडांचा आहे. म्हाडाच्या पुनर्विकासात प्रत्येकास ५०० चौरस फुटांचे घर मिळावयाचे आहे. वरळीत ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या ५५६ कुटुंबांस किल्ल्या मिळाल्या. पाचशे हा आकडा नायगावकरास फारसा काही सांगत नाही. ‘तुमच्या तीन खोल्या आणि वर थोडी जागा’ असे म्हटले तर तो लगेच हिशोब मांडतो: एकीत आईबाप, एकीत मुलगा-सून, तिसरीत चूल, आणि बोळात वाळणारे कपडे आता कोठे? हा शेवटचा प्रश्न कोणत्याही चकचकीत चित्रास विचारता येत नाही. चाळीसमोरच्या पटांगणात फक्कीने पाचशे फुटांचे घर खऱ्या मापात आखले, तर तो तेथल्या तेथे निघतो. आणि त्यास खर्च येतो एका पोत्याचा.