बीएडला प्रवेश घ्यायचाय? सीईटीचा फॉर्म भरण्याआधी हे तपासून घ्या

ग्रॅज्युएशन झालं की अनेक घरांत एक सल्ला हमखास मिळतो, "बीएड करून ठेव, कधी ना कधी कामाला येईल." मग सीईटीची तारीख बघून फॉर्म भरला जातो, गाईड आणलं जातं आणि अभ्यास सुरू होतो.

पण गंमत अशी आहे की, सीईटीचा फॉर्म भरला म्हणजे तुम्ही बीएडसाठी पात्र आहात, असा अर्थ होत नाही. मार्कशीट आणि दाखल्यांची खरी तपासणी होते ती परीक्षेनंतर, प्रवेशाच्या वेळी. त्यामुळे सीईटीत चांगले गुण मिळवूनही अर्ज बाद होऊ शकतो. त्याहून मोठा फटका म्हणजे प्रवेश मिळाला, दोन वर्षं गेली आणि शिक्षक भरतीच्या वेळी कळलं की हव्या त्या पदासाठी ही पदवी चालतच नाही.

म्हणूनच महाराष्ट्रात बीएडला प्रवेश घेण्यासाठी नेमकं काय लागतं, ते सविस्तर समजून घेऊ.

नियम ठरवतं कोण?

शिक्षक प्रशिक्षणाचे देशपातळीवरचे नियम राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषद म्हणजे एनसीटीई ठरवते. १९९३ च्या कायद्याने ही संस्था स्थापन झाली. सध्या चर्चेत असलेल्या बहुतेक अटी तिच्या २०१४ च्या नियमावलीतून आल्या आहेत.

त्याआधी बीएड एका वर्षाचं होतं. महाराष्ट्रातल्या डीएड कॉलेजांच्या मान्यतेचा वाद सुप्रीम कोर्टात गेला आणि कोर्टाने न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. आयोगाचा अहवाल २०१२ मध्ये आला. त्यानंतर नियम बदलले आणि २०१५-१६ पासून बीएड दोन वर्षांचं झालं.

राज्यात प्रत्यक्ष प्रवेशाचं काम सीईटी सेल बघतं. परीक्षा घेणं, मेरिट यादी लावणं आणि कॅप म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून जागा वाटणं, हे सगळं तिथूनच होतं.

किती टक्के लागतात?

एनसीटीईच्या नियमानुसार विज्ञान, सामाजिक शास्त्रं, मानव्यविद्या किंवा वाणिज्य शाखेच्या पदवीला किमान ५० टक्के गुण हवेत. महाराष्ट्रातल्या मागासवर्गीय उमेदवारांसाठी ही अट ४५ टक्के आहे.

इथे अनेकांना माहीत नसलेला एक मुद्दा आहे. पदवीला ५० टक्के नसतील, पण पदव्युत्तर पदवीला असतील, तरी एनसीटीईचा नियम दार बंद करत नाही. समजा, एखाद्या मुलीला बीएला ४७ टक्के मिळाले आणि एमएला ५८, तर ती एमएच्या गुणांवर पात्र ठरू शकते.

इंजिनिअरिंग झालेल्यांनाही बीएड करता येतं. त्यांच्यासाठी अट ५५ टक्क्यांची आहे आणि विज्ञान व गणिताचं विशेषीकरण हवं.

मार्कशीटवर टक्क्यांऐवजी सीजीपीए असेल तर विद्यापीठाचं रूपांतराचं सूत्र वापरावं लागतं. प्रत्येक विद्यापीठाचं सूत्र वेगळं असू शकतं, त्यामुळे मित्राचा आकडा बघून आपला आकडा काढू नका. आणि ४९.८ म्हणजे ५० झालेच, असं तर अजिबात गृहीत धरू नका.

पदवीच्या शेवटच्या वर्षाला असाल तर सीईटी देता येते, मात्र प्रवेशाच्या वेळी निकाल हातात हवा.

पदवीचा विषय का महत्त्वाचा?

बीएडमध्ये मेथड म्हणजे अध्यापन पद्धतीचा विषय असतो. मराठी, इंग्रजी, गणित, विज्ञान, इतिहास, भूगोल असे शाळेत शिकवले जाणारे विषय त्यात येतात. तुमची मेथड साधारणपणे पदवीच्या विषयावरून ठरते आणि पुढे नोकरीही त्याच विषयाच्या जागेवर मिळते.

त्यामुळे पदवीचा मुख्य विषय शाळेत शिकवलाच जात नसेल, तर अडचण होऊ शकते. मॅनेजमेंट किंवा कॉम्प्युटरची पदवी असलेल्यांनी हा प्रश्न आधीच सोडवायला हवा. कोणती मेथड मिळेल, हे त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत बघा आणि कॉलेजकडून लेखी विचारून घ्या.

सीईटीत काय असतं?

परीक्षा ऑनलाइन होते. १०० प्रश्न, १०० गुण आणि वेळ ९० मिनिटं. मानसिक क्षमतेवर ४०, सामान्य ज्ञानावर ३० आणि शिक्षक अभियोग्यतेवर ३० प्रश्न असतात. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. मेरिट यादी याच गुणांवर लागते.

इंग्रजी माध्यमाच्या कॉलेजात प्रवेश हवा असेल तर ईएलसीटी ही इंग्रजीची वेगळी चाचणी द्यावी लागते. दिव्यांग मुलांना शिकवण्यासाठीचं बीएड स्पेशल वेगळं आहे. त्याला भारतीय पुनर्वसन परिषदेची मान्यता लागते.

कागदपत्रं कोणती?

दहावी-बारावीची प्रमाणपत्रं, पदवीच्या सर्व मार्कशीट, शाळा किंवा कॉलेज सोडल्याचा दाखला आणि डोमिसाइल ही मूळ कागदपत्रं. राखीव जागेवर प्रवेश हवा असेल तर जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र लागतं. ओबीसी, भटके विमुक्त अशा प्रवर्गांना चालू मुदतीचं नॉन-क्रिमीलेअरही लागतं. ईडब्ल्यूएस असेल तर त्याचा वेगळा दाखला.

यात सगळ्यात जास्त वेळ खातं ते जात वैधता प्रमाणपत्र. निकालाची वाट न बघता त्याचा अर्ज आधीच केलेला बरा.

'नॉन-अटेंडिंग' बीएड चालतं का?

"कॉलेजला यायची गरज नाही, फक्त परीक्षेला या," असं सांगून प्रवेश देणारे एजंट अनेकांना भेटतात. नियम मात्र स्पष्ट आहे. वर्ग आणि प्रात्यक्षिकांना ८० टक्के, तर शाळेतल्या इंटर्नशिपला ९० टक्के हजेरी बंधनकारक आहे. दोन वर्षांत मिळून किमान २० आठवडे शाळेत घालवावे लागतात. दोन वर्षांचा हा अभ्यासक्रम पूर्ण करायला जास्तीत जास्त तीन वर्षं मिळतात.

दूरस्थ बीएडचा मार्ग आहे, पण तो सगळ्यांसाठी नाही. सेवेत असलेले प्रशिक्षित प्राथमिक शिक्षक किंवा डीएडसारखा एनसीटीई मान्य अभ्यासक्रम नियमित पद्धतीने पूर्ण केलेले उमेदवारच त्याला पात्र ठरतात.

फी भरण्याआधी कॉलेजचं नाव एनसीटीईच्या वेबसाइटवरच्या मान्यताप्राप्त संस्थांच्या यादीत आहे का, ते बघा. मान्यता किती जागांना आहे, तेही तपासा. ५० विद्यार्थ्यांचं एक युनिट धरलं जातं.

बीएडनंतर कोणत्या वर्गाला शिकवता येतं?

पहिली ते पाचवी: बीएड चालत नाही. ११ ऑगस्ट २०२३ ला सुप्रीम कोर्टाने हे स्पष्ट केलं. या वर्गांसाठी डीएड किंवा डीएलएड लागतं.

सहावी ते आठवी: पदवी, बीएड आणि टीईटीचा पेपर दोन.

नववी-दहावी: पदवी किंवा पदव्युत्तर पदवीला ५० टक्के आणि बीएड.

अकरावी-बारावी: त्या विषयात ५० टक्क्यांसह पदव्युत्तर पदवी आणि बीएड.

राज्यात पवित्र पोर्टलवरून होणाऱ्या भरतीसाठी याशिवाय टेट ही २०० गुणांची अभियोग्यता परीक्षा द्यावी लागते. टीईटी आणि टेट या दोन वेगळ्या परीक्षा आहेत, यात गल्लत करू नका.

मग एका वर्षाच्या बीएडचं काय?

फेब्रुवारी २०२५ मध्ये एनसीटीईने नव्या नियमांचा मसुदा जाहीर केला. त्यात चार वर्षांची पदवी किंवा पदव्युत्तर पदवी असलेल्यांसाठी एक वर्षाचं बीएड सुचवलं होतं. पण मसुदा म्हणजे नियम नव्हे. "यंदा एक वर्षाचं बीएड सुरू" असा मेसेज आला, तर त्या कॉलेजला त्या अभ्यासक्रमाची मान्यता मिळाल्याचं पत्र मागा.

थोडक्यात, सुरुवात सीईटीपासून करू नका. आधी कोणत्या वर्गाला आणि कोणता विषय शिकवायचा आहे ते ठरवा, त्या पदाची पात्रता वाचा आणि मग आपल्या मार्कशीट समोर ठेवून बघा. या कामाला अर्धा तास लागतो, आणि तो दिला नाही तर पणाला लागतात ती दोन वर्षं आणि घरच्यांनी भरलेली फी.