कुराणाचा पाठ : पोथी, छापील प्रत व इंटरनेट

कांहीं वर्षांपूर्वीं एका स्नेह्यांच्या संग्रहांतील कुराणाची एक जुनी पोथी, अखेरचीं पानें नसलेली, वर्णन लिहिण्यासाठीं प्रस्तुत लेखकाकडे आली. माझें अध्ययन संस्कृताचें. अरबीचें ज्ञान बेताचेंच. म्हणून मोबाइलवर मिळणारा पाठ शेजारीं ठेवून पोथी ताडून पाहिली. पोथींत ठिकठिकाणीं अलिफ अधिक आढळला, तेव्हां टिपणांत 'लेखन अशुद्ध' असा शेरा मारून मोकळा झालों. पुढें कळलें कीं, अशुद्ध होता तो शेराच. हल्लीं इतर संग्राहकही याच रीतीनें पोथ्या ताडतात; यास्तव हा विषय वाचकांपुढें मांडीत आहें.

कुराणाच्या पठणपरंपरा एकाहून अधिक आहेत, आणि त्या लेखकप्रमादानें झालेल्या नाहींत. वेदशाखांशीं परिचय असणारास हें समजण्यास अडचण पडूं नये : गुरुमुखानें आलेली प्रत्येक परंपरा आपल्या ठिकाणीं प्रमाण. (साम्य येथवरच, शाखांत दिसतो तसा क्रमभेद येथें नाहीं.) बगदादच्या इब्न मुजाहिदानें (मृ. हि. ३२४, इ. स. ९३६) अशा सात परंपरा ग्रंथबद्ध केल्या. त्यांपैकीं कूफ्याच्या आसिमची परंपरा हफ्सच्या (मृ. इ. स. ७९६) मुखानें आली, ती आज भारत, इराण, तुर्कस्तान व अरबस्तान येथें चालते. मदीनेच्या नाफिची परंपरा मिसरच्या वर्शनें (मृ. इ. स. ८१२) सांगितली; ती मोरोक्को, अल्जीरिया व पश्चिम आफ्रिकेंत रूढ आहे. फातिहा या पहिल्याच अध्यायांत आसिम 'मालिक' म्हणतो, तर नाफि 'मलिक', म्हणजे राजा. प्राचीन लिपींत मात्र दोहोंचें लेखन एकच : म, ल, क.

आतां मोबाइलवरील पाठाची वंशावळ पाहूं. इ. स. १९२४ (हि. १३४२) मध्यें राजा फुआद याच्या कारकीर्दींत कैरो येथें सरकारी आवृत्ति निघाली. तिनें हफ्सचा पाठ घेतला, आणि अक्षरलेखन अद्-दानी (मृ. इ. स. १०५३) प्रभृतींच्या लेखनविषयक ग्रंथांवरून ठरविलें, प्राचीन पोथ्या ताडून नव्हे. आपल्या मंडळास हें कानीं घेण्यासारखें आहे! तत्पूर्वीं इराण, तुर्कस्तान व भारत येथील पुष्कळ लेखक उच्चाराप्रमाणें पूर्ण अलिफ लिहीत. आमच्या पोथींतील अलिफ त्याच वहिवाटीचा. पुढें इ. स. १९८४ मध्यें मदीनेस राजा फहद याच्या नांवाचें मुद्रणालय स्थापन झालें. उस्मान ताहा यांच्या हस्ताक्षरांतील त्याची १५ ओळींची, ६०४ पृष्ठांची प्रत जगभर गेली. इ. स. २००७ मध्यें सुरू झालेल्या 'तन्ज़ील' नामक उपक्रमानें मदीनेच्या प्रतीस अनुसरून युनिकोडांतील तपासलेला पाठ सिद्ध केला, आणि असंख्य संकेतस्थळांनीं तो उचलला. ज्यास आपण 'मूळ' समजून ताडतों, त्याच्या लेखनपद्धतीचें छापील वय असें शंभर वर्षांचें आहे.

याचा परिणाम आचारावरही होतो. मोरोक्कोंतील मूल मशिदींत वर्शचा पाठ शिकतें. मोबाइलवर मक्केच्या इमामांचें पठण ऐकतें, तें हफ्सचें. उलट, दुसऱ्या परंपरेची वार्ता नसलेला श्रोता वर्शचें पठण ऐकून 'चुकलें' म्हणतो. मीं पोथीविषयीं म्हटलें तसेंच. भारतांतील भेद सूक्ष्मतर आहे. मुंबईच्या व लखनौच्या नवलकिशोर छापखान्याच्या शिळाछाप प्रती ज्यांनीं चाळल्या असतील, त्यांस समासांतील ऐन अक्षर आठवेल. ती 'रुकू' या विभागाची खूण. ओळींतील विरामचिन्हें सजावंदीच्या (मृ. इ. स. ११६५) पद्धतीचीं. मदीनेच्या प्रतींत रुकूची खूण नाहीं. पाठ करणारा हाफ़िज पानाचें रूपच डोळ्यांपुढें धरतो; पान बदललें कीं त्याची वाट चुकते. हफ्सेतर पोथ्यांतील कित्येक खुणांस तर युनिकोडांत स्थान मिळण्यास इ. स. २०२१ उजाडलें.

तथापि इंटरनेटला केवळ दोष देणें अन्यायाचें होईल. मदीनेच्या मुद्रणालयानें वर्शच्याही प्रती काढल्या असून त्या त्याच मार्गानें मिळतात. बर्मिंगहॅमच्या ज्या दोन पत्रांच्या चर्माचा काल इ. स. ५६८ ते ६४५ च्या दरम्यान असल्याचें २०१५ मध्यें प्रसिद्ध झालें, तीं घरबसल्या पाहतां येतात. त्याच पोथीचीं पॅरिस येथील पत्रेंही. बर्लिनच्या 'कॉर्पस कोरानिकम' प्रकल्पानें पोथ्यांचें वाचन व पाठभेद एकत्र मांडले आहेत. ग्वाल्हेरच्या किल्ल्यांत हि. ८०१ मध्यें बिहारी लिपींत लिहिलेली पोथी आज टोरांटोच्या आगा खान संग्रहालयांत आहे. जें ताडून पाहण्यास पूर्वीं हयात व द्रव्य दोन्ही लागलीं असतीं, तें आतां शाळेंतील मुलासही शक्य आहे. मात्र त्यासाठीं शोध घ्यावा लागतो. तयार पाठ तर बोट लावतांच पुढें येतो.

म्हणून कुराणाच्या पोथीचें वर्णन करतांना अलिफाचें लेखन, विरामचिन्हें, रुकूच्या खुणा व समासांतील पाठभेद जसे असतील तसे नोंदवावे, आणि कोणत्या छापील प्रतीशीं ताडलें तिचें नांव द्यावें. स्नेह्यांच्या टिपणांतील माझा शेरा मीं खोडला आहे. त्याजागीं आतां 'अलिफ पूर्ण लिहिलेला. फातिहांत मालिक' एवढेंच आहे.