पाचारण (प्रॉटेस्टंट पाळकीय सेवा)

पाचारण म्हणजे प्रॉटेस्टंट ख्रिस्ती श्रद्धेनुसार एखाद्या व्यक्तीला दीक्षित पाळकीय सेवेसाठी देवाकडून होणारे बोलावणे. उपदेश करणे, बाप्तिस्मा व प्रभुभोजन हे विधी चालवणे आणि मंडळीची आध्यात्मिक काळजी घेणे ही या सेवेची प्रमुख अंगे आहेत. व्यक्तीच्या मनात निर्माण होणाऱ्या खात्रीला अंतःपाचारण आणि मंडळीने दिलेल्या मान्यतेला बाह्य पाचारण असे म्हणतात. बहुतेक प्रॉटेस्टंट परंपरांमध्ये दीक्षेसाठी ही दोन्ही आवश्यक मानली जातात. त्यांच्यात मेळ न बसल्यास कोणाचा शब्द प्रमाण मानावा, हा प्रश्न प्रॉटेस्टंट इतिहासात वारंवार उपस्थित झाला आहे.

शास्त्राधार

पाचारणाच्या चर्चेत पवित्र शास्त्रातील काही प्रसंगांचा नेहमी उल्लेख होतो. यशया स्वतःहून पुढे येतो, तर यिर्मया आपण अद्याप लहान असल्याची सबब सांगतो. त्यामुळे उत्साह किंवा संकोच यांपैकी कोणतीही एक भावना पाचारणाची निश्चित खूण मानली जात नाही. बाल शमुवेलाला रात्री हाक ऐकू येते. परंतु ती देवाची आहे हे वृद्ध याजक एली ओळखतो. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या तेराव्या अध्यायात अंत्युखियाची मंडळी उपवास व प्रार्थना करून बर्णबा आणि शौल यांच्यावर हात ठेवते व त्यांना सेवेसाठी पाठवते. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात कोणावरही घाईने हात ठेवू नयेत, अशी सूचना आहे.

सिद्धान्ताचा विकास

मार्टिन ल्यूथर याने १५२० मध्ये सर्व बाप्तिस्मा घेतलेले विश्वासणारे याजकच आहेत, असे प्रतिपादन केले. पाळक व इतर विश्वासणारे यांच्यात फरक आहे तो दर्जाचा नसून कामाचा. जे सर्वांचे आहे ते सर्वांच्या संमतीवाचून एकट्याने हाती घेता येत नाही, असा याचा निष्कर्ष निघाला. १५३० च्या आउग्सबुर्ग विश्वासपत्राच्या चौदाव्या कलमानुसार, रीतसर पाचारण झाल्याखेरीज कोणीही मंडळीत जाहीरपणे शिकवू नये किंवा संस्कारविधी चालवू नयेत.

जॉन कॅल्व्हिन याने ‘इन्स्टिट्यूट्स’ या ग्रंथाच्या चौथ्या भागात गुप्त पाचारण व मंडळीचे जाहीर पाचारण असा भेद केला. महत्त्वाकांक्षा किंवा लोभ नव्हे, तर देवाचे भय व मंडळीची उन्नती हा हेतू असणे, ही त्याने गुप्त पाचारणाची कसोटी मानली. अठराव्या शतकात जॉन वेस्ली याच्या मेथॉडिस्ट चळवळीत उपदेशकांची पारख तीन गोष्टींवरून होऊ लागली: देवाच्या कृपेचा अनुभव, सेवेस लागणारी कृपादाने आणि सेवेला आलेले फळ. अमेरिकन धर्मपंडित एच. रिचर्ड नीबूर यांनी १९५६ मध्ये पाचारणाचे चार घटक सांगितले: ख्रिस्ती होण्याचे पाचारण, गुप्त पाचारण, गुण व परिस्थिती यांतून दिसणारे ईश्वरी योजनेचे पाचारण आणि मंडळीचे पाचारण.

पारखीची पद्धत

तपशील पंथागणिक बदलत असले, तरी साधारण क्रम सारखा असतो. इच्छुक व्यक्ती प्रथम आपल्या पाळकाशी बोलते व स्थानिक मंडळीत काही काळ सेवा करते. मंडळीची शिफारस मिळाल्यावर धर्मप्रांत, प्रेस्बिटरी किंवा तत्सम संस्थेची समिती तिची मुलाखत घेते. त्यानंतर धर्मशास्त्राचे शिक्षण, प्रत्यक्ष सेवेचा अनुभव व परीक्षा होऊन हात ठेवण्याच्या विधीने दीक्षा दिली जाते. कोणत्याही टप्प्यावर उमेदवाराला थांबण्यास सांगितले जाऊ शकते. असा नकार व्यक्तीच्या श्रद्धेवरील शेरा नसतो. शिक्षण, वैद्यक किंवा शेती हीदेखील देवाने नेमून दिलेली कामे आहेत, ही ल्यूथरची शिकवण अशा वेळी महत्त्वाची ठरते.

इतिहासातील पेच

काहींच्या बाबतीत बाह्य पाचारण आधी आले. १५३६ मध्ये जिनिव्हामार्गे जात असलेल्या कॅल्व्हिनला एकांतात अभ्यास करावयाचा होता. गीयोम फारेल याने देवाच्या शापाचा धाक घालून त्याला तेथे थांबवले. १५४७ मध्ये सेंट अँड्र्यूजच्या किल्ल्यात मंडळीने सेवेसाठी आवाहन करताच जॉन नॉक्स याला रडू कोसळले व तो आपल्या खोलीत निघून गेला. पुढे त्याने ती सेवा स्वीकारली.

याउलट, स्त्रियांच्या अंतःपाचारणाला मंडळीने दीर्घकाळ मान्यता दिली नाही. अमेरिकेतील कृष्णवर्णीय मेथॉडिस्ट उपदेशिका जॅरीना ली यांना प्रथम नकार मिळाला; नंतर उपदेशाची मुभा मिळाली, पण दीक्षा मिळाली नाही. अँटोइनेट ब्राउन यांना १८५३ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील एका काँग्रिगेशनल मंडळीने दीक्षा दिली. चर्च ऑफ इंग्लंडमध्ये स्त्रियांना याजकपदाची दीक्षा १९९४ पासून मिळू लागली. काही प्रॉटेस्टंट पंथ आजही ती देत नाहीत.

बाह्य पाचारण देण्याचा अधिकार कोणाचा, यावरूनही वाद झाले. स्कॉटलंडमध्ये जमीनदार आश्रयदात्याने नेमलेला पाळक नाकारण्याचा हक्क मंडळीला असावा की नाही, या संघर्षातून १८४३ मध्ये फ्री चर्च ऑफ स्कॉटलंड वेगळे झाले.

महाराष्ट्रात

मुंबईतील स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन हे या फुटीनंतर फ्री चर्चमध्ये गेले. नारायण शेषाद्री व बाबा पदमनजी यांनी याच परंपरेत पाळकीय सेवा केली. कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी अमेरिकन मराठी मिशनमध्ये अनेक वर्षे सेवा केल्यानंतर १९१७ मध्ये मिशनचे वेतन सोडून ‘देवाचा दरबार’ हा उपक्रम आरंभला. दीक्षेनंतरही पाचारणाचा शोध चालू राहू शकतो, याचे हे उदाहरण मानता येते.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे अनेक प्रॉटेस्टंट पंथांच्या एकीकरणातून चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. या मंडळीत डीकन, प्रेस्बिटर व बिशप अशा तीन पदांची दीक्षा दिली जाते.