पांढऱ्या रानडेझीतील गुणसूत्रसंख्या आणि जनुकीय विविधता

युरोपच्या कुरणांत उगवणाऱ्या पांढऱ्या रानडेझीची कार्ल लिनेयसने १७५३ साली एकच जाती म्हणून नोंद केली. पुढे पेशींचा अभ्यास झाला, तेव्हा त्या एका नावाखाली अनेक जाती एकत्र झाल्याचे स्पष्ट झाले. या रानडेझीचे ल्युकँथेमम व्हल्गेर हे जातिसंकुल केवळ रूपावरून उलगडत नाही; त्यासाठी गुणसूत्रे मोजावी लागतात.

ल्युकँथेमम या प्रजातीची मूळ गुणसूत्रसंख्या ९ आहे. तिच्याच गटातल्या आपल्या शेवंतीचीही तीच. द्विगुणित ल्युकँथेमम व्हल्गेरच्या कायिक पेशीत १८, तर चतुर्गुणित ल्युकँथेमम इर्कुटियानमच्या पेशीत ३६ गुणसूत्रे असतात. पोर्तुगालमधील ल्युकँथेमम लॅकुस्ट्रे तर १९८ वर, म्हणजे बावीसपटीवर पोहोचते.

मोजणीसाठी कोवळ्या मुळांची टोके कोल्चिसीनच्या द्रावणात ठेवतात. त्यामुळे तर्कुतंतू तयार होत नाहीत आणि विभाजन मध्यावस्थेत थांबते. मग टोके ॲसिटिक आम्ल व अल्कोहोलच्या मिश्रणात स्थिर करून, रंगवून काचपट्टीवर दाबतात. गुणसूत्रे विखुरली की सूक्ष्मदर्शकाखाली ती वेगवेगळी मोजता येतात.

या संख्येचा विविधतेशी थेट संबंध आहे. ही डेझी सहसा स्वपरागणातून बी धरत नाही. त्यामुळे प्रत्येक पिढीत दोन झाडांची जनुके एकत्र येतात आणि द्विगुणित समूहातही भरपूर विविधता टिकते. दोन जातींच्या संकरातून बहुगुणित जाती निर्माण झाली, तर दोन्ही पूर्वजांचे जनुकसंच तिच्यात कायम राहतात. मात्र द्विगुणित आणि चतुर्गुणित झाडांच्या संकरातून २७ गुणसूत्रांची, म्हणजे तीन संचांची संतती होते. अर्धगुणसूत्री विभाजनात तिसऱ्या संचाला जोडीदार मिळत नाही, युग्मकांत वाटणी विषम होते आणि वंध्यत्व येते. एकाच कुरणात शेजारी वाढूनही या जाती वेगळ्या राहतात, त्याचे हे प्रमुख कारण आहे.

हा भेद व्यवहारातही महत्त्वाचा आहे. उत्तर अमेरिका आणि ऑस्ट्रेलियात आक्रमक तण म्हणून पसरलेली झाडे प्रामुख्याने द्विगुणित आढळली आहेत. काश्मीरच्या खोऱ्यातही ही डेझी आक्रमक ठरली आहे. जैविक नियंत्रणासाठी कीटक निवडायचा, तर आधी यजमान वनस्पतीची जात निश्चित हवी. म्हणून वनस्पतिसंग्रहातील नमुन्याच्या चिठ्ठीवर नाव आणि स्थळाबरोबर गुणसूत्रसंख्याही नोंदवली गेली पाहिजे.